खाडीपलीकडची घंटा : चर्चला मराठी कशी सापडली?

हा भाग ऐकल्यावर बऱ्याच जणांनी लिहिलं, "दादा, नावं आणि सालं लक्षात राहिली नाहीत, लिहून टाक." म्हणून हा मजकूर. बोलताना जिथं अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका व्हॉइस मेसेजपासून करतो.

मागच्या नाताळाच्या आधी वसई पट्ट्यातल्या माझ्या एका मित्राचा मेसेज आला. कॉलेजपासूनची दोस्ती. तो कॅथलिक, आणि त्याच्या धर्मग्रामातल्या युवकांच्या मंडळाचं काम बघतो. धर्मग्राम म्हणजे एका चर्चचा परिसर आणि त्यातली सगळी कुटुंबं. मेसेज असा होता : "भाऊ, तू पॉडकास्ट करतोस, तुला कळतं यातलं. आमची पोरं चर्चमध्ये येईनात. आली तरी मिस्सा चालू असताना बाहेर बाईकवर बसून रील बघतात. यूट्यूब चॅनल काढू का? माईक कुठला घेऊ?"

माईकचं उत्तर दोन मिनिटांचं होतं. पण मी त्याला उलटा प्रश्न टाकला : "माईकमध्ये बोलणार काय? आणि कुठल्या भाषेत?"

बराच वेळ काही आलं नाही. मग एक छोटा मेसेज आला : "तीच तर बोंब आहे."

त्याची बोंब अशी. त्याची आजी घरात कादोडी बोलते. आईवडील चर्चमध्ये मराठीत प्रार्थना म्हणतात. धाकटी बहीण इंग्रजी माध्यमातली. तिला मराठी ऐकून कळतं, पण देवनागरी वाचायची म्हटलं की घाम फुटतो. एकाच घरात तीन भाषा, आणि देवाशी नक्की कुठल्या भाषेत बोलायचं हे ठरत नाही.

मला वाटलं, हा प्रश्न नवा नाही. आपल्या या किनाऱ्यावर तो साडेचारशे वर्षं चालत आलाय. म्हणून आजचा भाग.

आधी एक गोष्ट मोकळेपणानं

मी ख्रिस्ती नाही. माझं गाव एडवण. सफाळे स्टेशनला उतरायचं आणि समुद्राकडे जायचं. आमची आशापुरी देवी, आमचा समुद्र, आमच्या वाड्या. आणि "चर्च लोकांपर्यंत पोहोचतं" असं म्हटलं की आपल्याकडे अनेकांच्या कपाळाला आठी पडते. कमेंटमध्ये पहिला शब्द कुठला येणार हे मला माहीत आहे : धर्मांतर.

तो प्रश्न मी टाळणार नाही. पण आजचा माझा प्रश्न वेगळा आहे. जे आधीच आपले आहेत, शेजारी आहेत, एकाच गाडीनं प्रवास करतात, त्यांच्याशी एखादी धर्मसंस्था त्यांना समजेल असं कधी बोलू शकते आणि कधी नाही? हा प्रश्न देवळाला लागू आहे, मशिदीला लागू आहे, विहाराला लागू आहे. चर्चचं उदाहरण घेतोय कारण या किनाऱ्यावर त्याचा हिशेब अगदी स्पष्ट दिसतो.

एडवणचा कोट

माझ्या लहानपणी ख्रिस्ती धर्माबद्दल मला माहीत असलेली एकमेव गोष्ट म्हणजे गावातला फिरंग्यांचा कोट. पडक्या भिंती, त्यातून वाढलेली झाडं. दातिवरे, कोरे, मथाणे, एडवण, दांडा, केळवे, माहीम असे लहान-मोठे कोट या किनाऱ्यावर ओळीनं होते. फिरंगी आले, फिरंगी गेले, मधे त्यांनी भिंती बांधल्या. एवढाच इतिहास.

थोडा मागचा धागा सांगतो. २३ डिसेंबर १५३४ ला गुजरातचा सुलतान बहादुरशाह यानं तह करून वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढच्या काही दशकांत त्यांचा अंमल वर आमच्या किनाऱ्यापर्यंत आणि पलीकडे दमणपर्यंत पोहोचला. सैन्याबरोबर धर्मगुरू आले, फ्रान्सिस्कन आले, जेझुइट आले. चर्च उभी राहिली. आणि हेही सांगायलाच पाहिजे की त्याच काळात देवळं पाडली गेली, हिंदूंच्या विधींवर बंदी आली, माणसं गावं सोडून गेली. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, बसलं. वसईचा मुलूखही त्याच्या कक्षेत होता. गंमत म्हणजे त्याचा धाक सगळ्यात जास्त नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांनाच होता. घरात जुना रिवाज पाळला, जुनं गाणं म्हटलं, तरी चौकशी.

म्हणजे हातात तलवार होती, कायदा होता, कोट होते. पोहोचण्याची सगळी साधनं होती म्हणा ना.

मग १७३७ ते १७३९ ची मराठ्यांची मोहीम. अंताजी रघुनाथ कावळे, गंगाजी नाईक अणजूरकर अशा स्थानिक माणसांनी या मोहिमेसाठी आधीपासून खटपट केली होती. जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे आणि तारापूर पडलं. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर मारले गेले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. शरणागतीच्या करारात एक महत्त्वाची गोष्ट होती : जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपली उपासना करता येईल.

आता जरा विचार करा. पोर्तुगीज सत्ता गेली. तलवार गेली. धर्मन्यायालयाचा हात इथं पोहोचेना. ज्यांना नको होतं त्यांना आता भीती नव्हती. तरी वैतरणेच्या खाडीपलीकडे, आगाशीपासून वसईपर्यंत, ख्रिस्ती समाज राहिला. त्यांची बोली मराठीच राहिली. बायकांची लुगडी राहिली. लग्नाची गाणी कादोडीत आणि वाडवळीत राहिली. इकडे आमच्या बाजूला कोट पडले, झाडं वाढली.

या फरकाची कारणं अनेक आहेत. लोकसंख्या, शेतजमीन, त्या-त्या ठिकाणी मागे राहिलेले स्थानिक धर्मगुरू. पण मला त्यातून एक गोष्ट दिसते. तलवारीनं उभं केलेलं तलवारीबरोबर जातं. घरात, ओठांवर, गाण्यात गेलेलं टिकतं. मग ते ओठांवर नेलं कुणी?

इंग्लंडचा पोरगा, मराठीची ओवी

२४ ऑक्टोबर १५७९. गोव्याच्या बंदरात जहाज लागलं. त्यातून तिशीचा एक इंग्रज जेझुइट उतरला. नाव थॉमस स्टीफन्स. भारतात येऊन राहिलेला आपल्याला माहीत असलेला हा पहिला इंग्रज. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

गोव्यातल्या साष्टी भागात त्याला काम मिळालं. तिथले लोक नुकतेच ख्रिस्ती झालेले, अनेक जण परिस्थितीच्या रेट्यानं. त्यांची जुनी पुराणं, जुन्या पोथ्या बंद झालेल्या. संध्याकाळी एकत्र बसून ऐकायचं काय? हातात आलेली प्रश्नोत्तरांची कोरडी पुस्तकं. ज्यांच्या कानाला ओवीची सवय, त्यांना घोकंपट्टी.

स्टीफन्सनं त्यांचं ऐकून घेतलं. भाषा शिकला, आणि अशी शिकला की पुढे त्यानं कोकणीचं व्याकरण लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापलं गेलं आणि भारतीय भाषेचं छापलेलं पहिलं व्याकरण मानलं जातं. त्याच्या आधी, १६१६ मध्ये, त्याचा मोठा ग्रंथ छापून झाला होता : क्रिस्तपुराण. दोन भाग, जवळजवळ अकरा हजार ओव्या. एकनाथांना जाऊन तेव्हा पुरती वीस वर्षंही झाली नव्हती.

पुराणाची बांधणी बघा. श्रोते प्रश्न विचारतात, पाद्री-गुरू उत्तर देतो. आपल्या पोथ्यांची असते तशीच. स्वर्गाला शब्द कुठला? वैकुंठ! मराठीची स्तुती करताना तो तिला फुलांतला मोगरा म्हणतो, सुगंधांतली कस्तुरी म्हणतो. आणि हे सगळं कशासाठी? बायबलची गोष्ट साष्टीतल्या शेतकऱ्याच्या कानाला परकी वाटू नये म्हणून.

आता सगळ्यात भारी गोष्ट. ती लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. छापखान्यात देवनागरी खिळे नव्हते. म्हणून क्रिस्तपुराण मराठी भाषेत, पण रोमन लिपीत छापलं गेलं! आज आपण व्हॉट्सअॅपवर 'कसा आहेस' इंग्रजी अक्षरांत टाईप करतो ना, तसंच. चारशे वर्षांपूर्वी.

१६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या. त्या जुन्या छापील प्रती आज कुठं सापडत नाहीत. पुस्तक जगलं ते लोकांनी हातानं उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे, आणि गाऊन. १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलूंनी त्याची देवनागरी आवृत्ती काढली.

मी स्टीफन्सला संत करत नाहीये. तो ज्या व्यवस्थेत होता ती सत्तेच्या जोरावर चालत होती, आणि त्याचा पगार, छत, संरक्षण सगळं तिथूनच येत होतं. पण त्याच व्यवस्थेनं पुढं काय केलं बघा. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं हुकूम काढला : स्थानिक भाषा सोडा, तीन वर्षांत पोर्तुगीज शिका. म्हणजे एका माणसानं अकरा हजार ओव्या लिहून बांधलेला पूल, सरकारनं एका कागदावर तोडायला काढला. लोकांनी भाषा सोडली नाही. आजही सोडलेली नाही.

वसईचा दुभाषा

जरा बाजूला जातो, पण धागा तोच आहे. वसईचा एक मुलगा, गोन्सालो गार्सिया. जन्म १५५७ च्या सुमाराचा, वडील पोर्तुगीज, आई इथली. वसईत जेझुइटांकडे शिकला, तरुणपणी जपानला गेला. तिथं व्यापार केला, बाजारात वावरला, आणि बाजारातच जपानी भाषा पक्की झाली. पुढं मनिलाला जाऊन तो फ्रान्सिस्कन संघात शिरला. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा बंधू म्हणून. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कनांचं शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशीकडे गेलं तेव्हा दुभाषा कोण? आपला वसईकर.

५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर मारण्यात आलं, त्यात तोही होता. १८६२ मध्ये चर्चनं त्याला संत घोषित केलं. वसईत त्याचं नाव आजही घरोघर आहे. मोठमोठे पंडित बाजूला राहिले आणि काम अडलं ते बाजारात भाषा शिकलेल्या माणसावाचून, हे मला फार आवडतं.

टाळ, वीणा आणि टिळक

आता किनारा सोडून घाट चढूया. कारण मराठी आणि चर्च यांची पुढची मोठी गाठ पडली ती अहमदनगरला, प्रॉटेस्टंट मिशनांमध्ये.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरीनं पंडित वैजनाथ यांच्या मदतीनं बायबलचे मराठी अनुवाद छापले. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. १८४२ मध्ये अहमदनगरहून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झालं. शाळा निघाल्या, मुलींच्या शाळा निघाल्या. हे सगळं मोठं काम होतं. पण उपासनेत बसलेल्या माणसाच्या कानावर काय पडत होतं? बऱ्याचदा इंग्रजी गीतांचे भाषांतरित शब्द, विलायती चालींवर ओढूनताणून बसवलेले. अर्थ मराठी, श्वास परका.

तिथं आले नारायण वामन टिळक. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. चित्पावन ब्राह्मण, कवी. १८९३ मध्ये आगगाडीत एका युरोपियन प्रवाशानं त्यांना नवा करार वाचायला दिला आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरावर वीज पडली. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ही सगळी ओढाताण त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहिलीय. वाचलं नसेल तर वाचाच. रडवते आणि पुढच्याच पानावर हसवते. आणि भाषा? अगदी समोर बसून बोलल्यासारखी.

टिळकांचं म्हणणं साधं होतं. मी ख्रिस्ताकडे आलो तो तुकारामांच्या पुलावरून आलो, मग माझ्या माणसांना मी तो पूल का नाकारू? त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनाला उभे राहिले. टाळ आले, मृदंग आला. मराठी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये आजही त्यांची गीतं गातात. ख्रिस्ताचं चरित्र 'ख्रिस्तायन' या काव्यात सांगायला घेतलं, ते अर्धवट राहिलं आणि लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

पण टिळकांची शेवटची उडी मला सगळ्यात धाडसाची वाटते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. त्यांना कळलं होतं की परदेशी पगारावर बोलणाऱ्या माणसाचं बोलणं लोक अर्धंच ऐकतात. शब्द कितीही गोड असोत, मागे कोण उभा आहे हे लोक आधी बघतात. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ ला, ते गेले. प्रयोग अपुरा राहिला.

त्याच काळात केडगावला मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. संस्कृतच्या पंडिता, पण भाषांतर संस्कृतप्रचुर नको हा हट्ट. कमी शिकलेल्या बाईला वाचून कळलं पाहिजे. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये त्यांचं बायबल छापून आलं. जिला जग अडाणी म्हणतं ती आपली वाचक, हे आधी ठरवून मग पेन उचललेलं.

फादर पाण्यावर बोलले

आता परत किनाऱ्यावर. कॅथलिक चर्चमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये चालायची. धर्मगुरूची पाठ लोकांकडे. लोक गुडघ्यावर बसून आपापली जपमाळ ओढायचे. माझ्या मित्राची आजी सांगते, "लहानपणी कळायचं काहीच नाही रे, पण घंटा वाजली की मान खाली घालायची एवढं माहीत होतं."

४ डिसेंबर १९६३ ला रोममध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, उपासनेवरचा दस्तऐवज मंजूर झाला आणि लोकांच्या भाषेला दार उघडलं. हळूहळू वसईत मिस्सा मराठीत आली. फादरचं तोंड लोकांकडे वळलं. पेटी आणि तबला आला. साष्टीत स्टीफन्सनं जे ओवीत केलं होतं ते साडेतीनशे वर्षांनी वेदीवर झालं!

पण भाषा आली म्हणजे बोलणं झालं, असं नाही. मराठीतसुद्धा कंटाळवाणं बोलता येतं, आपल्याला सगळ्यांना अनुभव आहे. इथं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं नाव घ्यावंच लागतं. नंदाखालचे. वसईत १९५५ पासून निघणाऱ्या 'सुवार्ता' मासिकाचे ते १९८३ ते २००७ संपादक होते. चर्चचं घरगुती पत्रक वाटावं अशा मासिकाला त्यांनी चर्चबाहेरचे वाचक आणि लेखक मिळवून दिले. आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी, वसईत टॅंकर दिवसरात्र विहिरींचं पाणी उपसत होते, वाड्यांवर इमारती चढायला लागल्या होत्या, तेव्हा 'हरित वसई संरक्षण समिती'तून हा धर्मगुरू रस्त्यावर आला. त्यांच्याबरोबर हिंदू होते, ख्रिस्ती होते, मुसलमान होते, शेतकरी होते. विहीर आटते तेव्हा ती कुणाच्या धर्माची हे बघून आटत नाही.

माझ्या वडिलांना बायबलमधलं एक वाक्य माहीत नाही. पण "ते पाण्यासाठी भांडणारे फादर" त्यांना माहीत होते. मी म्हणतोय ते पोहोचणं हेच.

दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' लिहिलं, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. निवड झाल्यावर विरोधही झाला. एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठीच्या व्यासपीठावर कसा? क्रिस्तपुराणाला चारशे वर्षं उलटून गेली होती, तरी हा प्रश्न विचारला गेला. २५ जुलै २०२४ ला ते गेले. वसईत त्या दिवशी रडणारे सगळे ख्रिस्ती नव्हते.

मग यूट्यूबचं काय?

आता मित्राच्या प्रश्नाकडे.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये सगळी प्रार्थनास्थळं बंद झाली. राज्यात ती १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळी पाडव्याला, उघडली. त्या आठ महिन्यांत मिस्सा मोबाईलवर आली. मित्राची आजी रविवारी डोक्यावर पदर घेऊन, चहाच्या डब्याला फोन टेकवून, पाटावर बसायची. मिस्सा संपली की फोनला हात जोडायची. तिच्यापर्यंत चर्च पोहोचलं, कारण आतलं सगळं तिच्या ओळखीचं होतं. त्याच घरात, त्याच वायफायवर, धाकटी बहीण दुसऱ्या खोलीत गेम खेळत होती. तंत्र दोघींकडे सारखंच होतं.

मी बोईसरला एमआयडीसीत काम करतो. माझ्या शिफ्टला झारखंडचा एक जण आहे, तोही कॅथलिक. इथल्या मराठी मिस्सेला तो मागच्या बाकावर उभा राहतो. कळत नाही म्हणाला. मी विचारलं, "मग जातोस कशाला?" म्हणाला, "घर की याद आती है." रात्री आईशी फोनवर तो सादरी बोलीत प्रार्थना म्हणतो. म्हणजे एकेकाळी लॅटिनमुळे आपली आजी जशी बाहेर होती, तसा आज मराठीमुळे तो बाहेर आहे. आपली भाषा मिळाली म्हणून प्रश्न संपत नाही. तो पुढच्या माणसाकडे सरकतो.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. त्यानं चॅनल काढलं नाही. त्यानं मंडळातल्या पोरांना एकच काम दिलं : घरी जा, आजीचं एक लग्नाचं गाणं फोनवर रेकॉर्ड करा आणि तिलाच त्याचा अर्थ विचारा. पहिल्या आठवड्यात नऊ रेकॉर्डिंग आली. त्यातली तीन बिनकामाची, मागे टीव्ही चालू! पण मग पोरं ती एकत्र बसून ऐकायला लागली, कारण प्रत्येकाला दुसऱ्याच्या आजीचे शब्द कळत नव्हते आणि हसू येत होतं.

आणि त्याची धाकटी बहीण? नाताळच्या मिस्सेला तिनं बायबलमधलं वाचन केलं. मराठीत. मित्रानं मला व्हिडिओ पाठवला. ती मोबाईलमध्ये बघून वाचत होती. मी विचारलं, "देवनागरी जमायला लागली का तिला?"

"नाही रे," तो म्हणाला. "तिनं अख्खा उतारा इंग्रजी अक्षरांत टाईप करून घेतला होता. आजीनं उच्चार सुधारले. काही जण नाकं मुरडतायत, म्हणतात ही कसली मराठी."

मी त्याला इतकंच लिहिलं : १६१६ चं क्रिस्तपुराण अशाच अक्षरांत छापलं होतं, सांग त्यांना.

चर्च असो, देऊळ असो, नाहीतर तुमचं-माझं पॉडकास्ट. समोरचा काय ऐकतो, काय गातो, त्याची विहीर कशानं आटलीय, हे आधी ऐकावं लागतं. या किनाऱ्यावर ज्यांनी ते ऐकलं त्यांचं लोकांनी जपून ठेवलं. ज्यांनी नुसतं सुनावलं त्यांचे कोट आमच्या गावात पडलेत, कधी आलात तर दाखवीन.

राहिला माईक. मी त्याला सांगितलं, सध्या फोनच पुरे आहे. आजीपासून एक वीत लांब धर, पंखा बंद कर, आणि ती बोलत असताना मधे बोलू नकोस.

तुमच्या आजीचं एखादं गाणं असेल, कुठल्याही धर्माचं, कुठल्याही बोलीचं, तर आज रात्रीच रेकॉर्ड करा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!